हत्तींची वंशावळ

हत्तीचे दाखवायचे दांत निराळे आणि खायचे दांत निराळे, ही म्हण मराठींत माणसाच्या दुटप्पी वागण्याला लावितात. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ती अक्षरशः खरी वाटते. बाहेर दिसणाऱ्या सुळ्यांवरून हत्तीची जात ठरवूं गेल्यास फसगत होण्याचा संभव फार. तोंडांतील दाढा पाहिल्या तर पुष्कळच खात्रीचा पुरावा मिळतो. आशियांतील हत्तीच्या दाढेवरील कठीण कडा अरुंद व एकमेकींस समांतर असतात. आफ्रिकेंतील हत्तीच्या दाढेवर त्याच कडा शंकरपाळ्यासारख्या चौकटी करितात. परंतु दाढेहूनहि खोल जागीं असलेला एक पुरावा गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञांच्या हातीं आला आहे. तो हत्तीच्या प्रत्येक पेशींत लिहून ठेवलेला आहे. हें लिखाण वाचतां येऊं लागल्यापासून हत्तींच्या कुळाविषयींच्या कित्येक जुन्या समजुती बदलाव्या लागल्या. आणि हा केवळ पंडितांचा वाद नसून, त्याच्या निकालावर हजारों जिवंत प्राण्यांचें संरक्षण अवलंबून आहे.

या कथेचा आरंभ एका बरणीपासून करणें सोयीचें होईल. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यानें १७५८ सालीं हत्तीला ‘एलेफास मॅक्झिमस’ असें शास्त्रीय नांव दिलें. त्याच्यापुढें जो पुरावा होता त्यांत मद्यार्कांत जतन केलेला हत्तीचा एक गर्भ होता. ॲमस्टरडॅम येथील आल्बर्ट सेबा याच्या प्रसिद्ध संग्रहांतून तो स्वीडनच्या राजाकडे आला होता. हत्तीचें वसतिस्थान म्हणून लिनिअसनें सिंहलद्वीपाचें नांव घातलें, आणि तो गर्भ पुढें अडीचशें वर्षें आशियाई हत्तीचा मूळ नमुना म्हणून मानला गेला. २०१३ सालीं त्याच्या शरीरांतील प्रथिनें आणि डी.एन.ए. तपासण्यांत आलीं, तेव्हां निष्पन्न झालें कीं, हा गर्भ आफ्रिकेंतील हत्तीचा आहे! आशियाई हत्तीचें नांव आफ्रिकेच्या हत्तीवर जाऊन पडण्याची वेळ आली. ही आपत्ति टळली ती इटलीतील एका सांगाड्यामुळें. लिनिअसनें जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या वर्णनाचाहि आधार घेतला होता. रे यानें १६६४ सालीं फ्लॉरेन्स येथें पाहिलेला हत्तीणीचा सांगाडा तेथें अद्यापि जपलेला होता आणि तो निःसंशय आशियाई होता. ही हत्तीण सिंहलद्वीपाहून युरोपांत नेलेली, गांवोगांव फिरून खेळ करणारी. रेम्ब्रँट या थोर चित्रकारानें तिचें रेखाटन केलें होतें. आज आशियाई हत्तीच्या नांवाचा आधार तिचा सांगाडा आहे.

लिनिअससारख्या पारंगत मनुष्याची जेथें अशी चूक झाली, तेथें इतरांचा गोंधळ व्हावा यांत नवल नाहीं. आशियाचा व आफ्रिकेचा हत्ती हे दोन भिन्न प्राणी आहेत, आणि सायबेरियांत ज्याचीं हाडें सांपडतात तो मॅमथ या दोघांहूनहि निराळा आहे, असें प्रतिपादन फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यानें १७९६ सालीं केलें. लगेच पुढच्या वर्षीं जर्मन पंडित ब्लूमेनबाख यानें आफ्रिकेच्या हत्तीला स्वतंत्र नांव दिलें. नंतर १९०० सालीं पॉल मात्शी यानें असें म्हटलें कीं, आफ्रिकेंतहि दोन प्रकारचे हत्ती आहेत. एक उघड्या माळरानांत हिंडणारा, आणि दुसरा काँगो खोऱ्याच्या व पश्चिम आफ्रिकेच्या निबिड अरण्यांत राहणारा. सोयीसाठीं त्यांना माळहत्ती व अरण्यहत्ती म्हणतां येईल.

दोघांतील भेद नजरेंत भरण्यासारखे आहेत. माळहत्ती हा आज जमिनीवर चालणारा सर्वांत मोठा प्राणी. अरण्यहत्ती त्याच्याहून बराच ठेंगणा. माळहत्तीचे कान मोठे व खालीं निमुळते होत जाणारे. अरण्यहत्तीचे कान लहान आणि गोलसर. माळहत्तीचे सुळे पुढें येऊन वर वळतात. अरण्यहत्तीचे सुळे सरळ खालीं उतरतात, म्हणजे दाट झाडींतून वाट काढतांना ते अडकत नाहींत. परंतु येथेंच शंकेला जागा राहते. ठेंगणेपणा हा अरण्यांतील राहणीचा परिणाम कशावरून नव्हे? एकाच घराण्यांतील एक भाऊ देशावर व दुसरा कोंकणांत वाढला, तर त्यांच्या अंगलटींत व चालींत फरक पडतोच. म्हणून त्यांना कोणी दोन कुळांचे म्हणत नाहींत. या विचारानें विसाव्या शतकांतील बहुतेक प्राणिशास्त्रज्ञांनीं अरण्यहत्ती ही माळहत्तीचीच एक पोटजात मानली.

याच्या उलटहि अडचण आहे. ज्यांचा संकर होतो ते एकाच जातीचे, अशी एक जुनी कसोटी सांगतात. पण १९७८ सालीं इंग्लंडांतील चेस्टर येथील प्राणिसंग्रहालयांत आशियाई हत्तीण आणि आफ्रिकन हत्ती यांच्यापासून एक पिल्लूं जन्मास आलें. तें दहा-बारा दिवसच जगलें. तरीपण तें जन्मलें ही गोष्ट खरी. ज्यांचीं कुळें लक्षावधि वर्षांपूर्वीं फुटलीं असें सर्वांनाच मान्य होतें, त्यांच्यांतहि गर्भधारणा होऊं शकली. तात्पर्य, नुसत्या रूपावर विसंबतां येत नाहीं आणि नुसत्या संकरावरहि निकाल देतां येत नाहीं. दोन जीव किती जवळचे हें ठरविण्यास तिसरा साक्षीदार पाहिजे. असा साक्षीदार म्हणजे डी.एन.ए.

प्रत्येक प्राण्याच्या पेशींत डी.एन.ए. नांवाच्या द्रव्याचे अतिशय बारीक व लांब धागे असतात. त्यांची रचना वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं उलगडून दाखविली. या धाग्यांवर चार प्रकारचे रासायनिक घटक एकापुढें एक ओंवलेले असतात. ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांनीं त्यांचा निर्देश करितात. हत्तीच्या एका पुऱ्या संचांत अशीं तीनशें कोटींहून अधिक अक्षरें आहेत. आईबापांकडून पिल्लाकडे जें जातें तें या लिखाणाची नक्कल होय. नक्कल फार दक्षतेनें होते. तथापि क्वचित् एखादें अक्षर चुकतें, आणि तें चुकलेलें अक्षर पुढच्या नकलांत तसेंच उतरत जातें.

जुन्या पोथ्यांची ज्यांना ओळख आहे त्यांना यापुढचा विचार सहज समजेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि १९६६ सालीं तें पूर्ण केलें. देशाच्या सर्व भागांतून आलेल्या शेंकडों पोथ्या त्या कामांत ओळीस ओळ लावून ताडून पाहिल्या गेल्या. दोन पोथ्यांत एकाच जागीं तीच चमत्कारिक चूक आढळली, तर त्या एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, असा तर्क अशा कामांत करितात. कारण दोन लेखनिकांनीं स्वतंत्रपणें नेमकी त्याच अक्षरावर तीच चूक करावी, हें संभवत नाहीं. जी चूक एकाच पोथींत आहे तिचा वंश ठरविण्यास उपयोग नाहीं. जो पाठ सर्वांत आहे त्याचाहि नाहीं. जी चूक कांहीं पोथ्यांत आहे आणि कांहींत नाहीं, तीच बोलकी. हत्तींची वंशावळ लावणारे शास्त्रज्ञ याहून वेगळें कांहीं करीत नाहींत. त्यांच्या पोथ्या तेवढ्या जिवंत असतात.

पोथी वाचावयाची तर प्रथम ती मिळविली पाहिजे. माळरानांतील हत्तीजवळ जाऊन त्याचें रक्त काढणें ही सोपी गोष्ट नव्हे. म्हणून एक युक्ति योजितात. बंदुकीनें बारीक पोकळ सुई हत्तीच्या अंगावर मारितात; ती कातड्याचा कण घेऊन आपोआप खालीं गळून पडते आणि हत्ती निघून गेल्यावर ती उचलतां येते. अरण्यांत हत्ती दिसणेंच दुर्मिळ. तेथें वाटेवर पडलेल्या लिदीवरून काम भागवितात, कारण तिच्या पृष्ठभागावर आंतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. मिळालेल्या कणांतील हव्या त्या उताऱ्याच्या लाखों प्रती, १९८३ सालीं कॅरी मुलिस यांनीं शोधलेल्या रीतीनें, कांहीं तासांत तयार करितां येतात. मग अक्षरें वाचण्याचें काम. फ्रेडरिक सँगर यांनीं १९७७ सालीं दाखविलेली रीत मोठी चतुराईची आहे. नक्कल चालू असतां ती कोठल्यातरी अक्षरावर मुद्दाम तोडावयाची; अशा सर्व लांबींचे तुकडे जमले म्हणजे ते लांबीप्रमाणें ओळीनें लावावयाचे; आणि प्रत्येक तुकड्याचें शेवटचें अक्षर कोणतें तें पाहत गेलें कीं सबंध ओळ वाचून होते. अलीकडचीं यंत्रें एकाच वेळीं कोट्यवधि तुकडे वाचतात आणि त्यांची जुळणी गणकयंत्र करितें.

या साधनांच्या बळावर आल्फ्रेड रोका, निकोलस जॉर्जियाडिस, स्टीफन ओब्रायन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं आफ्रिकेच्या हत्तींचा निकाल जाहीर केला. खंडांतील २१ ठिकाणच्या १९५ हत्तींच्या कातड्याचे कण त्यांनीं जमविले होते आणि चार जनुकांतील मिळून १,७३२ अक्षरें ताडून पाहिलीं होतीं. अरण्यांतील हत्ती एका बाजूस गेले, माळावरचे दुसऱ्या बाजूस. पूर्व आफ्रिकेचा माळहत्ती व दक्षिण आफ्रिकेचा माळहत्ती यांच्यामध्यें हजारों मैलांचें अंतर, तरी त्यांचें लिखाण जवळजवळ एकच. उलट माळहत्ती व अरण्यहत्ती यांच्या सीमा एकमेकांस भिडलेल्या असूनहि त्यांच्या लिखाणांत मोठी तफावत. आफ्रिकेचा हत्ती आणि आशियाचा हत्ती यांच्यांत जेवढें अंतर आहे, त्याच्या ५८ टक्के अंतर या दोन शेजाऱ्यांत निघालें. देशावरचा भाऊ आणि कोंकणांतला भाऊ, हा दृष्टांत येथें लटका पडला.

वाद मात्र इतक्यानें मिटला नाहीं. पेशीच्या केंद्रकांतील डी.एन.ए.शिवाय आणखी एक लहानसें लिखाण पेशींत असतें. तें तंतुकणिका नांवाच्या भागांत राहतें, त्याची लांबी सोळा-सतरा हजार अक्षरांची, आणि तें केवळ आईकडून अपत्यांस मिळतें. बापाचा त्यांत वांटा नाहीं. एकेका पेशींत त्याच्या पुष्कळ प्रती असल्यानें तें मिळविणें सोपें. म्हणून आरंभीं बहुतेकांनीं तेंच वाचलें. तें वाचणाऱ्या अभ्यासकांना दोन स्वच्छ शाखा दिसेनात. कित्येक माळहत्तींच्या अंगीं अरण्यहत्तीचें मातृलिखाण सांपडूं लागलें. एक साक्षीदार सांगतो, हीं दोन कुळें फार पूर्वीं विभक्त झालीं. दुसरा सांगतो, यांचा संबंध कालपरवांपर्यंत होता. खरें कोणाचें धरावें?

उत्तर २००५ सालीं मिळालें, आणि तें हत्तींच्या रीतिरिवाजांत दडलेलें होतें. हत्तींच्या कळपांत माद्या जन्मभर आपल्या आईच्या घोळक्यांत राहतात. नर वयांत आले कीं बाहेर पडतात आणि दूर दूर भटकतात. सीमेवरच्या कळपांत अरण्यहत्तीण आणि माळहत्ती यांची गांठ पडली कीं संकरज पिल्लूं होतें. तें मादी असलें तर कळपांतच राहतें, आणि पुढें तिच्याशींहि बहुधा माळहत्तीच जोडी करितो. कारण तो आकारानें मोठा व झुंजींत वरचढ. अशा कांहीं पिढ्या गेल्या म्हणजे अंगावर, रूपांत आणि केंद्रकांतील लिखाणांत माळहत्तीचेंच स्वरूप येतें. मूळ अरण्यहत्तीणीची खूण म्हणून मातृलिखाण तेवढें शिल्लक राहतें. आईनें मुलीला व मुलीनें आपल्या मुलीला दिलेला एखादा जुना दागिना असतो; आडनांवें बदलतात, गांवें बदलतात, पण दागिना आजीच्या माहेरचाच राहतो. त्या दागिन्यावरून पणतीचें सारें कुळ ठरवूं गेलें तर चूक होईल. दोन्ही साक्षीदार खरें बोलत होते; एक सबंध कुळाविषयीं सांगत होता, दुसरा फक्त आयांच्या मालिकेविषयीं. लिखाणाचा एकच तुकडा पाहून प्राण्यांच्या नात्याविषयीं घाईनें निर्णय देऊं नये, हा धडा या प्रकरणानें सर्वांना मिळाला. अंधगजन्याय म्हणून जो सांगतात तो येथें खऱ्या हत्तीच्याच बाबतींत प्रत्ययास आला.

तरी एक प्रश्न उरलाच. दोन लिखाणांत एका जागीं दोन निराळीं अक्षरें दिसलीं, तर त्यांतील मूळचें कोणतें आणि नंतर बदललेलें कोणतें? यासाठीं दोघांहूनहि दूरच्या नातलगाचें लिखाण हवें. पण हत्तीच्या कुळांतले बहुतेक नातलग पृथ्वीवरून नाहींसे झाले आहेत. तेव्हां शास्त्रज्ञांना मेलेल्यांच्या पोथ्या वाचाव्या लागल्या. गोठलेल्या जमिनींत हाडें व दांत हजारों वर्षें टिकतात आणि त्यांत डी.एन.ए.चे बारीक तुकडे उरतात. हे तुकडे कसर लागलेल्या पानांसारखे असतात. त्यांच्या कडा झिजतात आणि तेथें सी या अक्षराच्या जागीं टी असें वाचलें जाण्याचा धोका असतो. मॅमथचे पहिले तुकडे १९९४ सालीं वाचले गेले. पण ते इतके लहान होते कीं त्यांवरून कोणी मॅमथला आशियाच्या हत्तीजवळ बसवी, तर कोणी आफ्रिकेच्या. २००६ सालीं त्याचें सबंध मातृलिखाण वाचून झालें आणि मॅमथ आशियाई हत्तीच्या शाखेंतला ठरला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील मॅस्टोडॉन या प्राण्याचें लिखाण अलास्कांत सांपडलेल्या एका दांतांतून मिळालें. मॅस्टोडॉनची शाखा हत्तींच्या कुळापासून अडीच कोटी वर्षांच्या आसपास फुटलेली. म्हणजे हवा होता तसा दूरचा चुलता लाभला.

हे सर्व पुरावे एकत्र करून नादिन रोलँड, डेव्हिड राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत केंद्रकांतील ३७५ ठिकाणचीं जवळजवळ चाळीस हजार अक्षरें पांच हत्तींत ताडलेलीं होतीं: माळहत्ती, अरण्यहत्ती, आशियाई हत्ती, मॅमथ आणि मॅस्टोडॉन. निष्कर्ष असा निघाला कीं, माळहत्ती व अरण्यहत्ती यांची फारकत जवळजवळ तितकीच जुनी आहे, जितकी आशियाई हत्ती आणि मॅमथ यांची. ती अदमासें पंचवीस ते पंचावन्न लाख वर्षांपूर्वीं झाली असावी. या आंकड्यांतील अंतर मोठें दिसतें, कारण अक्षरें किती वेगानें बदलतात याचा अंदाज थोडाफार ढिलाच असतो; पण दोन फारकतींची तुलना मात्र त्या ढिलाईमुळें फारशी बिघडत नाहीं. मॅमथ आणि आशियाई हत्ती यांना एका जातीचे म्हणण्यास कोणी धजणार नाहीं. मग तेवढ्याच अंतरावर उभ्या असलेल्या आफ्रिकेच्या दोन हत्तींना एक कसें म्हणावें? आणखी एक मौजेची गोष्ट यांतून निघते. उत्सवांत झूल घालून मिरविला जाणारा आपल्याकडील हत्ती हा आफ्रिकेच्या हत्तीपेक्षां सायबेरियाच्या बर्फांत वावरणाऱ्या केसाळ मॅमथचा अधिक जवळचा नातलग आहे.

वंशावळ येथें पूर्ण झाली असें वाटत असतांनाच तिला नवी गुंतागुंत आली. सरळ सुळ्यांचा एक अवाढव्य हत्ती पूर्वीं युरोपांत राहत असे. त्याच्या भारतीय भाऊबंदाचीं हाडें नर्मदेच्या खोऱ्यांत सांपडलीं आणि त्यावरूनच त्याला ‘नामदिकस’ हें नांव पडलें. गोदावरीच्या गाळांतील तशाच हत्तीविषयीं भूगर्भशास्त्रज्ञ पिल्ग्रिम यांनीं १९०५ सालीं लिहिलें आहे. कवटी व दाढा यांवरून या हत्तींना आशियाई हत्तीचे आप्त मानीत. परंतु जर्मनींत सांपडलेल्या हाडांतील डी.एन.ए. २०१७ सालीं वाचला गेला, तेव्हां तो आफ्रिकेच्या अरण्यहत्तीशीं जुळला. पुढच्या वर्षीं सबंध लिखाणें ताडून पाहतां दिसलें कीं, या हत्तीच्या अंगांत एकच धारा नव्हती: मोठा भाग आफ्रिकेच्या हत्तींच्या पूर्वजांच्या एका जुन्या शाखेचा, कांहीं मॅमथच्या शाखेचा, आणि कांहीं अरण्यहत्तीचा. पोथ्यांच्या संपादकांना हाहि अनुभव जुनाच आहे. एखादा लेखनिक दोन-तीन पोथ्या पुढें ठेवून मिश्र प्रत तयार करितो, आणि मग तिला वंशवृक्षाच्या एकाच फांदीवर बसवितां येत नाहीं. हत्तींचा वंश वडाच्या झाडासारखा आहे. फुटलेल्या फांद्या मधून मधून पारंब्यांनीं पुन्हां जोडल्या गेल्या आहेत.

मग जाति ही कल्पनाच फोल म्हणावी काय? तसेंहि नाहीं. त्याच २०१८ च्या अभ्यासांत असें आढळलें कीं, माळहत्ती व अरण्यहत्ती यांच्या सीमेवर संकर होत असले, तरी गेलीं सुमारें पांच लाख वर्षें त्या दोन कुळांचें लिखाण जवळजवळ अलगच राहिलें आहे. सीमेवर कांहीं सोयरिकी झाल्या म्हणून दोन्ही घराणीं एक झालीं नाहींत. अक्षरें फक्त इतिहास सांगतात. कोठें रेघ ओढावयाची तें माणसांनीं ठरवावयाचें असतें. पण इतिहास ठाऊक असल्यावर ती रेघ डोळे मिटून ओढतां येत नाहीं.

आणि ही रेघ कोठें ओढली जाते यावर हत्तींचें जगणें-मरणें अवलंबून असतें. आफ्रिकेचे सर्व हत्ती एकच जात आहेत असें मानलें, म्हणजे त्यांची एकच मोजदाद होते. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानें आफ्रिकेंत सुमारें ४,१५,००० हत्ती होते. हा आंकडा ऐकणाराला दिलासा वाटतो. पण त्यांत माळहत्ती पुष्कळ आणि अरण्यहत्ती थोडे. एकाची स्थिति बरी असली कीं दुसऱ्याचा ऱ्हास तिच्या आड झांकून जातो. मार्च २०२१ मध्यें आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनें या दोन जातींचा पहिल्यानेंच वेगवेगळा विचार केला. तेव्हां दिसून आलें कीं, एकतीस वर्षांत अरण्यहत्तींची संख्या ८६ टक्क्यांहून अधिक घटली आहे, आणि पन्नास वर्षांत माळहत्तींची निदान ६० टक्क्यांनीं. पूर्वीं दोघांची मिळून जी एक सौम्य वर्गवारी होती ती जाऊन माळहत्ती ‘संकटग्रस्त’ आणि अरण्यहत्ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. घरांतील दोन रोग्यांच्या तापाची सरासरी काढून औषध देणारा वैद्य कोणी पाहिला नसेल. हत्तींच्या बाबतींत मात्र तसेंच चाललें होतें.

अरण्यहत्तीला वेगळें औषध हवें, कारण त्याची वाढ फार सावकाश होते. माळरानांतील हत्तीण बाराव्या वर्षाच्या सुमारास पहिल्यानें वितें. अरण्यहत्तीणीला तेविसावें वर्ष उजाडतें, आणि दोन पिल्लांत पांच-सहा वर्षांचें अंतर राहतें. दहा वर्षांच्या कत्तलीची भरपाई होण्यास कित्येक दशकें जावीं लागतात. शिवाय अरण्यांतील कित्येक मोठ्या वृक्षांचीं फळें खाऊन त्यांचीं बीजें दूरवर टाकण्याचें काम हाच प्राणी करितो. तो गेला तर तीं अरण्येंहि आजच्यासारखीं राहणार नाहींत.

या कत्तलीचें मूळ हस्तिदंताच्या हावेंत आहे. एकोणिसाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेचें हस्तिदंत जहाजांतून मुंबई बंदरीं उतरत असे आणि त्याच्या बांगड्या व डब्या कितीतरी घरांत गेल्या. १९८९ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें या व्यापाराला बंदी झाली. चोरटा व्यापार उरला. या ठिकाणींहि तीच अक्षरें उपयोगी पडलीं. वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युएल वासर यांनीं आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतील हत्तींची लीद जमवून, कोणत्या प्रदेशांतील हत्तींच्या डी.एन.ए.त कोणत्या खुणा आढळतात याचा एक नकाशाच तयार केला. बंदरांत पकडलेल्या सुळ्याचा लहानसा तुकडा तपासून या नकाशाशीं ताडला कीं तो हत्ती कोठें मारला गेला तें समजतें. १९९६ ते २०१४ या काळांत पकडलेल्या २८ मोठ्या साठ्यांची अशी तपासणी झाली. २००६ नंतरचे बहुतेक साठे दोनच भागांतून आल्याचें दिसलें: अरण्यहत्तींचे सुळे मध्य आफ्रिकेंत गॅबॉन, काँगो व कॅमेरून यांच्या सीमा जेथें मिळतात त्या टापूंतून, आणि माळहत्तींचे मुख्यतः टांझानिया व त्याच्या शेजारच्या प्रदेशांतून. ज्या बंदरांत माल पकडला जाई तेथून हत्ती मारला गेला तें ठिकाण पुष्कळदां फार दूर असे. पहारा कोठें वाढवावा, हें त्यामुळें सांगतां येऊं लागलें.

स्टॉकहोमच्या बरणींतील त्या गर्भाचा जन्म कधीं झालाच नाहीं. आपण कोणत्या कुळांतले हेंहि जगाला सांगण्यास त्याला अडीचशें वर्षें थांबावें लागलें. इतका वेळ थांबण्याची सवड अरण्यहत्तीपाशीं नाहीं. त्याचे दाखवायचे दांत त्याच्या मरणास कारण झाले आहेत. त्याच्या रक्तांतील अक्षरें माणसानें वेळींच वाचलीं आणि मानलीं, तर तींच त्याच्या जगण्यास कारण होतील.